आठ अक्षरं, दोन आस दराने

किर्ता शहराबाहेर, थडग्यांच्या रस्त्याला लागून
माझं दगडाचं दुकान.
लोकांना वाटतं, मला लॅटिन येतं.
मला येतं ते कोरता.
घरी आम्ही प्यूनिक बोलतो, शेळ्यांशीसुद्धा.

वकील सित्तिउस ओप्तातुस गेला, त्या महिन्यात
त्याची बायको बिरिक्त आली,
मेणाची पाटी शालीआड धरून.
मजकूर नगरसभेतल्या मंडळींनी लिहून दिलेला.
दुसऱ्या ओळीत एक शब्द होता,
आजवर चौघांच्याच दगडावर मी कोरलेला :
फाकुंदिआ.
लॅटिनमध्ये आठ अक्षरं. सोळा आस.

‘म्हणजे काय?’ तिनं विचारलं.
शाळामास्तर रोगातुस शेजारीच उन्हात बसलेला.
त्याला असा प्रश्न म्हणजे भुकेल्यापुढं अंजीर.
म्हणाला, बाई, मुळात फारी, म्हणजे बोलणं.
बोललं गेलं आणि आता फिरवता येत नाही, ते फातुम,
तुमचं-माझं प्राक्तन.
लोक पाठीमागं बोलतात, ती फामा.
ज्याला अजून बोलता येत नाही
तो इन्फान्स, तान्हा.
आणि खडकातून झरा फुटावा
तसं बोलणं ज्याच्या तोंडून येतं,
त्याच्यापाशी फाकुंदिआ.
एलोक्वेन्तिआ निराळी. ती माझ्याकडे मिळते,
फी देऊन, छडी खाऊन.
ही नाही मिळत.

बिरिक्तनं ऐकून घेतलं.
मग बोटं मोजत म्हणाली,
‘मीठ दे. दार लाव. दिवा मालव.
बावीस वर्षांत घरात एवढंच.
मला वाटायचं, जिभेला काही दुखणं असेल.
एकदाच न्यायसभेत गेले, मागं उभी राहिले
खांबाला धरून.
माझ्याच भावाच्या विरुद्ध हा बोलत होता,
जैतुनाच्या बागेवरून.
लॅटिन मला चार शब्द. पण काय सांगू,
मलाही वाटलं, बाग दुसऱ्याचीच.
टाळ्यांत माझेही हात होते.’

रोगातुसनं ऊन सरकलं म्हणून तिवई हलवली.

‘किती खोल कोरतोस?’
करंगळीचं नख बुडेल एवढं.
‘हा शब्द कोरू नकोस. नुसता रंगव.
पैसे पुरे घे.’

नाव, वय, पदं, सगळं छिन्नीनं.
त्या आठ अक्षरांना फक्त शेंदरी रंग.
कोरलेल्यातही आम्ही रंग भरतोच, लांबून कळत नाही.
सभेची मंडळी आली,
माना डोलावून गेली.

बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात.
मी दगड विकतो, माझं कमी बोलून भागतं.
माझा धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा, इन्फान्स.
कुंचल्याशी खेळून हनुवटीपर्यंत लाल झाला.
त्याची आई ओरडली, ती मला.

पहिल्या हिवाळ्यानंतर शब्द गुलाबी.
दुसऱ्यानंतर एखादी कमान दिसे,
तीही माहीत असणाऱ्याला.
तिसऱ्या वर्षी ती तेलाची बुधली घेऊन आली,
दगडावरून तळहात फिरवला,
‘कुठं होता रे तो?’
मी बोट ठेवलं.
गुळगुळीत.

तिथंच ती पाय पसरून बसली
आणि त्याच्याशी बोलायला लागली, प्यूनिकमध्ये.
तेलाचा भाव, भावाची सून, लंगडी शेळी,
बागेत आता कोण राहतं,
तो न्यायसभेतला खांब किती गार होता,
दिवा मालवल्यावर ती किती वेळ जागी असायची,
मिठाचा डबा त्याच्या हाताशीच असायचा की, मेल्या,
एकातून दुसरं, दुसऱ्यातून भलतंच,
मध्येच हसणं, मध्येच शिवी.

छिन्नी खाली ठेवून मी
सवयीनं अक्षरं मोजत होतो.
दोन आस, दोन आस, दोन आस,
हजारांत गेलो,
मग मोजदाद सुटली.

धाकटा साडेपाचाचा झालाय, अजून बोलत नाही.
तो तिच्या गुडघ्याला टेकून बसला होता,
तोंड उघडं टाकून.